राजाचा पंखा आणि नाखव्याचा दगड

पंखा पुन्हा तळाला जाऊन बसला, आणि शंखगडच्या महाराजांनी पुन्हा एक नवा नियम काढला.

महाराजांचं नाव रणधीर. रण त्यांनी भिंतीवरच्या चित्रातच पाहिलं होतं, पण हौस दांडगी. परदेशी व्यापाऱ्याकडून त्यांनी पुरुषभर उंचीचा काचेचा हौद आणवला, दरबारात मांडला, समुद्राचं खारं पाणी भरलं आणि आत रंगीत मासे सोडले. मासे थोडे दिवस मजेत फिरले, मग वर येऊन तोंडं उघडायला लागले. लाट नाही की भरती नाही, पाणी जागचं हलत नाही, बिचारे करणार काय? तेव्हा त्याच व्यापाऱ्याने किल्लीवर चालणारा एक पितळी पंखा विकला. पाण्यात मध्यावर राहिला की तो पाणी झकास घुसळायचा. फक्त तो मध्यावर राहायचा कशाने, हे सांगायला व्यापारी थांबला नाही.

काम दिवाण अंबादासरावांकडे आलं. ते राणीसाहेबांचे सख्खे भाऊ, आणि हीच त्यांची विद्या. त्यांनी काचेला भोक पाडून खिळा ठोकवला. निम्मा समुद्र गालिच्यावर आला. काच बदलून झाल्यावर महाराज म्हणाले, काचेला भोक पाडायचं नाही. मग पंखा दोरीने छताला टांगला, तर तो झुलत झुलत माशांना थपडा मारू लागला. महाराज म्हणाले, दोरी नको. डिंकाने चिकटवला, तर पाण्याची खीर झाली. डिंकही नको. खालून काठीचा टेकू दिला, तर महाराजांना माशांऐवजी काठीच दिसायला लागली. टेकूही नको!

शंखगडात रीतच तशी होती. महाराजांचा हुकूम कधी मागे घेतला जात नसे, त्यात भर तेवढी पडायची. त्यामुळे आता एकंदर हुकूम असा झाला होता, की पंख्याने पाण्यात अधांतरी राहावं, आणि महाराजांची लहर फिरेल तशी आपली जागाही बदलावी.

एवढा घोळ झाल्यावर दोष कुणाचा? अर्थातच ज्याने मासे पकडून आणले त्याचा. दिवाणांनी जोमा नाखव्याची होडी जप्त केली. उद्याच्या दरबारात पंखा जागेवर राहिला नाही, तर होडी फोडून तिचं लाकूड मुदपाकखान्यात जाळलं जाईल, असा निरोपही धाडला. होडी गेली की जोमाचं घर उपाशी राहणार, हे सांगायला शिपाई लागत नव्हता.

जोमाची लेक ठकू रोज हौदात ताजं खारं पाणी आणून ओतायची. दिवाणांची सगळी विद्वत्ता तिने जवळून पाहिली होती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाप देवासमोर बसला होता. नाखव्यांची एक सवय असते. होडी किनाऱ्याला लागली की दिशा दाखवणारा चुंबकाचा दगड ते होडीत ठेवत नाहीत, घरी आणून देव्हाऱ्यात ठेवतात. शिपायांनी जाळी, वल्ही, अगदी फुटका तांब्यासुद्धा नेला होता. दगड तेवढा राहिला होता. ठकू नमस्काराला वाकली आणि तिला दिसलं, देव्हाऱ्याच्या फळीला खालून एक लोखंडी गळ चिकटला होता. वर दगड, खाली गळ, मध्ये फळी, आणि गळ काही पडायचं नाव घेत नव्हता.

"बाबा, उद्याच्या दिवस ह्यो दगड मला द्या."

"दगड कशाला? दिवाणाला मारायचाय?"

"तसंच कायतरी."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. ठकूने पंख्याच्या पाठीला लोखंडाची पट्टी बसवून आणली होती. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, म्हणून होडीच्या खिळ्यांना चोपडतात तशी तिने पट्टीला राळ चोपडली होती. तिने पंख्याला किल्ली दिली, तो आतून काचेला लावला आणि बाहेरून दगड टेकवला. पंखा जागच्या जागी फिरू लागला. पाणी हललं, आणि मासे हळूहळू खाली उतरले.

महाराजांनी हौदाला फेरी मारली. भोक नाही, दोरी नाही, डिंक नाही, काठी नाही. त्यांना बरं वाटलं, म्हणून त्यांनी लगेच पंखा पलीकडच्या कोपऱ्यात हवा असं सांगितलं. ठकूने बाहेरून दगड सरकवला. आत पंखा निमूट त्याच्या मागे गेला. तिचा हातही भिजला नाही.

हे दिवाणांना कसं सोसावं? ते पुढे झाले. "सरकार, ही शुद्ध फसवणूक आहे. बाहेरच्याच्या जोरावर टिकतो तो टेकूच. तो दगड काढायला लावा, मग बघू!"

महाराजांनी मान डोलावली. "ठके, दिवाणांचं म्हणणं बरोबर आहे. दगड काढ."

दगड काढला की पंखा तळाला, आणि होडी चुलीत. पण जीभ तिची तिच्याकडेच होती.

"काढते, महाराज. पन न्याय सगल्यांना एकच लावा. आतला बाहेरच्याच्या जोरावर टिकला तर तो चालनार नाय, असं दिवाणसाहेब सोताच म्हनतात. रानीसाहेब तिकडं पडद्यामागं, दरबाराच्या बाहेर बसल्यात. त्यांनी आपला हात काढू दे, दिवाणसाहेब या दरबारात किती टिकतात ते आदी बगू. मग मी दगड काढते."

पहिलं हसू पडद्यामागून आलं. मग महाराज हसले, इतके की मुकुट कानावर आला.

ठकूला होडी परत मिळाली, वर नवं शीड मिळालं, आणि जोमाला दिवाणांच्या खर्चाने नवा चुंबक. पंख्याला रोज सकाळी किल्ली देण्याचं काम दिवाणांकडे आलं, बाह्या वर सारून, खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. आणि हौदाचा दगड? त्याबद्दल महाराज हसू आवरत एवढंच म्हणाले, "राहू दे तो तिथेच. एक टेकू काढला तर दुसराही काढावा लागेल, आणि रात्री जेवायला मला राणीसाहेबांच्या महालातच जायचं आहे!"