सरकलेला ध्रुव

“आणि तरीही तुम्ही गप्प बसणार, बुवा?”

वामन सोहनी तावातावाने बोलत होता. शहरात लोकांच्या घरांच्या दिशा तपासून देणं हा त्याचा धंदा, आणि अच्युतबुवांचा तो वीस वर्षांपासूनचा शिष्य. आज मठात येऊन त्याने नमस्कारसुद्धा केला नव्हता.

“गुरू ग्रहावरचं वादळ आक्रसतंय. सूर्यावर स्फोट होतायत. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव कॅनडा सोडून रशियाकडे निघालाय. आणि तुम्ही सुपारी कातरताय.”

बुवा सुपारी कातरत राहिले.

“रशिया लांब आहे. तुझ्या घरात काय झालं ते सांग.”

“तेच सांगतोय. आई अंथरुणाला खिळलीय. तिचं डोकं उत्तरेला येऊ नये म्हणून मी रोज होकायंत्र लावून बघतो. आठवड्यात तीनदा उत्तर दिशा हलली. तीनदा मी खाट फिरवली. घरचे मला वेडा म्हणतात. अडाणी आहेत सगळे.”

“होकायंत्र ठेवतोस कुठे?”

“खाटेवरच. तिच्या उशाशी.”

“खाट कसली?”

“लोखंडी. दवाखान्यात असते तसली. त्याचं काय?”

बुवांनी हात पुढे केला. वामनने खिशातलं होकायंत्र काढून दिलं.

त्यांनी ते चटईवर ठेवलं आणि अडकित्ता त्याच्या शेजारी सरकवला. काटा अडकित्त्याकडे वळला. मग अडकित्ता उचलून त्यांनी दुसऱ्या बाजूला ठेवला. काटा तिकडे वळला.

…

जन्मभर लोकांच्या दिशा सुधारणाऱ्या माणसाला एवढं कळू नये. मीही बुवांचा जुना शिष्य, भिंतीशी बसलो होतो, माझंच डोकं फिरलं. पण वामन ओशाळला नाही, उलट चिडला.

“असेल. एवढी चूक झाली असेल. पण ध्रुव सरकतोय हे खोटं नाही.”

“आई काय म्हणते?”

“काही नाही. चार दिवस झाले, बोलत नाही, जेवतही नाही. आधी तिला खिडकीतून रस्ता दिसायचा. आता समोर भिंत येते…”

“मला खिडकीकडेच राहू दे, असं म्हणाली नाही ती?”

“म्हणाली.”

“कितीदा?”

“…रोजच म्हणायची. पण बुवा, तिच्याच भल्यासाठी केलं मी.”

बुवांनी होकायंत्र भिरकावलं. ते उंबऱ्यावर आपटलं, काच फुटली. इतक्या वर्षांत त्यांचा असा राग मी कधी पाहिला नव्हता.

वामन काचा गोळा करायला वाकला. तरी त्याचं आपलं चालूच, “ध्रुव खरंच सरकतोय, बुवा.”

“सरकतोय ना,” बुवा म्हणाले. “पण तुझ्या आईचं तोंड भिंतीकडे त्याने नाही केलं.”