दोघांचे बिल्ले

फार फार वर्षांमागे एका राज्यात लढाई पेटली आणि ती काही केल्या विझेना. सगळे तांबे तोफांत गेले. बाजारात सुटे पैसे मिळेनासे झाले. तेव्हा व्यापाऱ्यांनी आपापले जस्ताचे बिल्ले काढले. तेलवाल्याच्या बिल्ल्यावर पणती, धान्यवाल्याच्या बिल्ल्यावर तराजू. मोड म्हणून लोक तेच देत-घेत.

लढाई संपली, नवी नाणी आली आणि बिल्ले उकिरड्यावर गेले. ते वेचून जपणारे गावात दोघेच होते, कुशाबा शिंपी आणि त्याचा शेजारी भिवा कासार. संध्याकाळी भिवाच्या ओट्यावर बसून ते एकमेकांना बिल्ले दाखवत.

एकदा भिवाला मीठवाल्याचा, होडीचे चित्र असलेला बिल्ला मिळाला. मीठवाल्याचे दुकान लढाईत जळाले होते. त्याचा बिल्ला उरला असेल, असे कुणाला वाटलेही नव्हते.

"बघ कुशाबा, होडीला शीडसुद्धा कोरलंय!"

"छान आहे," कुशाबा म्हणाला. पण घरी येऊन त्याने आपला संग्रह उघडला. आपले सगळे बिल्ले त्याला खापराचे तुकडे वाटू लागले. भिवा हसला, तरी वाटे, हा मला हिणवतोय.

शेवटी तो कोतवालाकडे गेला. "भिवा कासार घरात खोटी नाणी पाडतो."

झडतीत नाणी निघाली नाहीत, पोतंभर बिल्ले निघाले. भिवाने हात जोडले. "सरकार, हा नुसता छंद आहे. कुशाबाला विचारा."

कुशाबा खाली बघत म्हणाला, "मला काही ठाऊक नाही."

कोतवालाने बिल्ल्यांनाच खोटी नाणी ठरवले आणि ते भिवाच्याच भट्टीत वितळवले गेले. भिवा गाव सोडून गेला.

आता कुशाबाच्या तोडीचा संग्रह कुणाकडेच नव्हता. तो खुशीत होता. मग एका बाजारात त्याला फुलवाल्याचा बिल्ला सापडला. नखाएवढा, वर मोगऱ्याची कळी. आनंदाच्या भरात तो धावत सुटला, तो थेट भिवाच्या दारात.

दार नव्या भाडेकरणीने उघडले. "काय हो भाऊ?"

"बिल्ला... फुलवाल्याचा."

"बाजारात चालतो का?"

"नाही."

"मग त्याचं करायचं काय?" म्हणत तिने दार लावून घेतले.

कुशाबा मूठ मिटून ओट्यावर बसून राहिला. ती उघडून दाखवावी, असा एकही माणूस गावात उरला नव्हता.

तात्पर्य : आपण ज्याचा मत्सर करतो, पुष्कळदा तोच आपल्या आनंदाचा खरा जाणकार असतो, त्याला घालवले की तो आनंदही जातो.