करकोचीण आणि रानडुकरांचा चिखल

एका दलदलीच्या जंगलात एक करकोचीण राहत असे. मुलांनो, हे जंगल मोठे गमतीचे होते. वर्षानुवर्षे पडलेला पालापाचोळा पाण्यात मुरून तिथली जमीन काळीभोर आणि मऊ झाली होती. ओली असेतोवर ती मोठमोठ्या झाडांची मुळे धरून ठेवी. सुकली की तिचा नुसता भुसा होई. तिथल्याच एका उंच झाडावर करकोचिणीने घरटे बांधले होते आणि त्यात तिची अंडी होती. करकोचीण फार टापटिपीची. पिसाला एक डाग लागला तरी तिला चैन पडत नसे. आणि नेमकी तिच्या झाडाजवळच्या, दलदलीचे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर रानडुकरीण आपली सारी पिल्ले घेऊन रोज लोळायला येई.

एके दिवशी करकोचिणीने सगळ्यांना बोलावून घेतले. "हे जंगल जपायचं असेल, तर इथे कुणाचा वावरच नको," ती म्हणाली. "तुम्ही सगळे टेकडीवर राहायला जा. मी एकटी पहारा देईन." पाणमांजर कुरकुरले, कासवाने मान आत ओढून घेतली, पण करकोचीण पडली वयाने आणि मानाने मोठी, तिच्यापुढे बोलणार कोण? रानडुकरीण तेवढी जाता जाता म्हणाली, "आम्ही निघतो बाई, पण बांधाकडे लक्ष असू द्या." करकोचिणीने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

सुरुवातीला पाणी नितळ झाले, सगळीकडे शांतता पसरली. करकोचीण स्वतःवरच खूश होती. पण खेकडे मात्र चिखलात लपून मागेच राहिले होते. ते बांधात बिळे करत, आणि ती बिळे रानडुकरांच्या रोजच्या लोळण्यानेच लिंपली जात. आता ती बुजवणार कोण? पाणी बिळांतून उताराला लागले. हळूहळू जमीन भेगाळली, आणि एका दुपारी करकोचिणीचे झाड घरट्यासकट एका अंगाला कलले. अंडी घरट्याच्या काठाशी घरंगळली. तिने चोचीने चिखल नेऊन बिळे बुजवून पाहिली. एक बुजवावे, तर दुसरे वाहू लागे. शेवटी मान खाली घालून ती टेकडीवर गेली.

"चुकलं माझं," ती रानडुकरिणीला म्हणाली. "घर तुमचंही आहे. परत या, नाहीतर माझी पिल्लं काही वाचायची नाहीत."

रानडुकरीण हसली. "अहो बाई, चिखलात लोळायचं आमंत्रण आम्ही कधी नाकारलंय का?"

मग काय, सगळी फौज धडपडत खाली आली. पाणमांजराने पाण्यातली लाकडे ओढून मोठ्या भोकांत बसवली, कासवाने पाठीने माती रेटली, आणि रानडुकरांच्या पिल्लांनी बांधावर असा धुडगूस घातला की एकही बीळ उघडे राहिले नाही. टेकडीवरून येणाऱ्या ओढ्याचे पाणी पुन्हा साठू लागले. जमीन भिजली, मुळांनी पकड घेतली आणि झाड होते तिथेच तिरके उभे राहिले. पुढे अंडी फुटली. करकोचिणीची पिल्ले उडायला शिकली, आणि घरट्यातून निघून थेट चिखलात जाऊन पडली. करकोचिणीने क्षणभर डोळे मिटून घेतले. मग तीही हळूच बांधावर उतरली आणि पायांनी चिखल तुडवू लागली.

तात्पर्य : रान राखायचे असेल, तर त्यात राहणाऱ्यांना बाहेर घालवून नव्हे, त्यांना सोबत घेऊन राखावे.