पिवळ्या कुंपणातलं बाळ

आटपाट बाग होती. बागेला फळ्यांचं कुंपण होतं. कुंपण जुनं, फार जुनं. कधीकाळी निळं होतं म्हणे. ऊन खाऊन, पाऊस पिऊन सगळा निळा रंग उडाला. उरलं नुसतं राखाडी लाकूड.

एका फळीत एक भोक होतं. गोल गोल, बोटाएवढं. ते भुंगीचं दार. दारामागे तिचं घर. घरात तिचं बाळ. बाळाला अजून उडता येत नव्हतं.

रोज सकाळी भुंगी खाऊ आणायला जायची, भुर्र्र. बाळ आतून म्हणायचं, गुं गुं गुं गुं. म्हणजे, लवकर ये.

एक दिवस भुंगी खाऊ घेऊन आली. बघते तर काय? कुंपण हळदीसारखं पिवळं! आणि दार? दार कुठेच नाही. या फळीवर पाहिलं, त्या फळीवर पाहिलं. सगळ्या फळ्या सारख्या. मग तिनं एकेका फळीला कान लावला. एका फळीतून आवाज आला. गुं गुं गुं गुं.

बाळ आत होतं. दारात लांबी भरली होती. रंगारी भोकं बुजवतात ना, ती लांबी. भरताना मऊ, वाळली की दगड. भुंगीनं कुरतडून पाहिलं, कर कर, कर कर. लांबी काही हलेना. रंग तेवढा तोंडात कडू कडू झाला. आणलेला खाऊ खाली पडला.

पलीकडे बाबल रंगारी रंग देत होता. सप सप, सप सप. भुंगी त्याच्याकडे गेली.

"बाबलदादा, बाबलदादा, दार उघड.
बाळ माझं आत आहे, बाहेर काही येईना."

बाबलनं हातातला ब्रशसुद्धा थांबवला नाही. बागवाल्या कुंदाकाकूंनी बजावलंय, म्हणाला, एकही भोक दिसता कामा नये. काकूंनी सांगितलं तर उघडीन, नाही तर नाही. सप सप, सप सप.

भुंगी फळीपाशी आली. कान लावला. गुं गुं गुं.

भुंगी उडाली, भुर्र्र. कुंदाकाकू ओटीवर बसल्या होत्या. मांडीवर छोटी ओवी. हातात वरणभाताची वाटी.

"कुंदाकाकू, कुंदाकाकू, बाबलला सांगा.
बाबल दार उघडेना,
बाळ माझं आत आहे, बाहेर काही येईना."

काकूंनी वर पाहिलंच नाही. माझी लेक अर्धपोटी आहे, म्हणाल्या, मला कुठली फुरसत? ओवीनं घास खाल्ला की सांगते. आता बघा. हीही आई, तीही आई. पण जिला तिला आपलं आपलं पडलेलं.

भुंगी फळीपाशी आली. कान लावला. गुं गुं.

भुंगी ओवीच्या पायापाशी बसली.

"ओवीताई, ओवीताई, घास खा.
काकू काही सांगेनात,
बाबल दार उघडेना,
बाळ माझं आत आहे, बाहेर काही येईना."

ओवीनं ओठ घट्ट मिटले. चिऊचा घास खाऊन झाला होता. काऊचा घास खाऊन झाला होता. आता होता माऊचा घास. तो माऊशिवाय कसा खायचा? रोज ढेबरी मांजर समोर बसायची. मगच ओवी आ करायची. आज ढेबरी आलीच नव्हती.

"माऊ नाई, घास नाई," ओवी म्हणाली.

भुंगी फळीपाशी आली. कान लावला. गुं. एकदाच.

भुंगी उडाली, भुर्र्र. ढेबरी कुंपणाबाहेर बसली होती. पंजा चाटत होती. पंजा पिवळाधमक.

"ढेबरीमाऊ, ढेबरीमाऊ, आत ये.
ओवी घास खाईना,
काकू काही सांगेनात,
बाबल दार उघडेना,
बाळ माझं आत आहे, बाहेर काही येईना."

ढेबरी फिसकारली. फाटक बंद. कुंपण गुळगुळीत. चढायला गेली नि पडली, सर्र्र धप्प! आधी कुंपणावर कृष्णकमळाचा वेल होता. ढेबरी त्याला धरून यायची, त्याला धरून जायची. बाबलनं रंगासाठी तो ओढून खाली टाकला. वेल वर चढला की येते, म्हणाली, तोवर मी आपली इथेच.

भुंगी फळीपाशी आली. कान लावला. काहीच नाही. इकडून लावला, तिकडून लावला. काहीच नाही. भुंगीच्या डोळ्यांतून टप टप पाणी पडलं.

कुंपणाखाली मातीत वेल पडला होता.

"वेलदादा, वेलदादा, वर चढ.
ढेबरी आत येईना,
ओवी घास खाईना,
काकू काही सांगेनात,
बाबल दार उघडेना,
बाळ माझं आत आहे, बाहेर काही येईना."

वेलानं मान वर केली नाही. बाई गं, म्हणाला, माझी फुलं चिरडली. एवढं एकच राहिलं. सकाळपासून त्यात कुणी बसलं नाही, कुणी गुणगुणलं नाही. मला जोर कुठून यावा? तू गुणगुणलीस, तर चढेन.

आता सांगा. रडणाऱ्या आईनं गावं तरी कसं?

पण भुंगी फुलात बसली. दुसरं काही सुचेना. बाळाला निजवताना म्हणायची, तेच म्हणाली.

"गुं गुं बाळा, गुं गुं,
आई तुझी आली,
दारापाशी बसली,
गुं गुं बाळा, गुं गुं."

गाता गाता रडली. रडता रडता गात राहिली. आणि फळीतून आवाज आला. अगदी बारीक. गुं.

वेलानंही तो ऐकला. त्यानं मान उचलली. टोकाच्या फळीवरचा रंग वाळला होता, तिला धरलं. आणि मग काय, सर सर, सर सर!

वेल वर चढला.
ढेबरी आत आली.
ओवीनं माऊचा घास खाल्ला.
काकूंनी तिचं तोंड पुसलं. वाटी खाली ठेवली. तेव्हा कुठे त्यांनी भुंगीकडे पाहिलं. भुंगी रडत होती.

"अगं बाई, हिचं बाळ आत आहे," काकू म्हणाल्या. "बाबल, आधी ते दार उघड."

बाबलनं ब्रश खाली ठेवला. पातं घेतलं. खर्र खर्र, खर्र खर्र. दार उघडलं.

आत काळोख. ओवीनं वाकून पाहिलं. ढेबरीनं वाकून पाहिलं.

मग एक पाय आला. मग एक डोकं आलं. मग आलं बाळ, हळूहळू. एक पंख सरळ. एक पंख दुमडलेला. त्यावर पिवळा ठिपका. भुंगीनं त्याला पोटाशी धरलं. फुलातला खाऊ भरवला. पंखावरून पुन्हा पुन्हा पाय फिरवला. ठिपका गेला. दुमड काही गेली नाही. ते बाळ आजही तिरकं उडतं.

काकूंनी त्या फळीचा रंग खरवडून घेतला. आता सगळं कुंपण पिवळं आणि एकच फळी राखाडी. येणारे जाणारे म्हणतात, अहो, एक फळी राहिली की! काकू म्हणतात, राहिली नाही, ठेवलीय.

आणि बाबल? तो गावोगावी कुंपणं रंगवतो. भोक दिसलं की लांबी बाजूला ठेवतो. फळीला कान लावतो. आत कुणी असेल, तर ती फळी सोडून पुढे जातो.

बाळ घरी, आई दारी,
गोष्ट आपली फळीवरी.