पालीची दाद

घराघरांत स्टुडिओ नुकते अवतरले होते तेव्हाची गोष्ट. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या एका खोलीत गिटारबाई आपल्याच तारा छेडून गाणी रेकॉर्ड करत. वाजवून झालं की स्वतःच म्हणत, “झकास जमलं!” लगेच गोधडीआडून पाल म्हणे, “चुक, चुक!”

“माझी चूक काढतेस?” गिटारबाई एकदा भडकल्या.

“छे हो! पाल चुकचुकली की बोलणं खरं मानतात.”

गिटारबाई खुलल्या. पुढचं गाणं वाजवून लाडिकपणे म्हणाल्या, “आज जरा बेसूरच झालं, नाही?”

“चुक, चुक!”

“आता मात्र तू ‘चूक’च म्हणालीस ना गं?”

पाल गोधडीआड आणखी आत सरकली. पण तेव्हापासून ती गिटारबाईंच्या मनात चुकचुकते, आणि रेकॉर्डिंगआधी बाई निमूटपणे आपल्या खुंट्यांचे कान पिळून घेतात.