कुत्र्याचा मान

ओर्नाकच्या टेकडीवर जत्रेला अख्खं रानडुक्कर भाजतात आणि त्याची मांडी आधी कुत्र्याला घालतात. महापौर आलेला असो की मंत्री, कुत्र्याचं खाऊन होईपर्यंत त्याने रिकामी थाळी धरून उभं राहायचं. परगावचे पाहुणे हसतात. मग टेकडीवर बकऱ्या चारणारे गेरेक आजोबा त्यांना कारण सांगतात.

दोन हजार वर्षांपूर्वी, रोमन यायच्या आधी, हा मुलूख गॉल लोकांचा होता तेव्हा टेकडीला तट होता आणि आत एक जमात नांदत होती. मेजवानीत मांडी सर्वांत शूर माणसाला मिळायची. ती कापून वाढायचा हक्क होता सेनोवारा नावाच्या विधवेचा. ती ज्याला वाढील, त्याच्याच मागे जमातीचे भाले उभे राहायचे.

तिचा भाचा ब्रिगोमार जमातीचा नायक. बढाया ऐकाव्यात तर सगळ्या रोमला एकटा पुरून उरेल! रोमन फौज पायथ्याशी दिसली मात्र, वाघाची शेळी झाली. पहाटे त्याने स्वतःच्या हाताने वेशीचा अडसर काढला. पहाऱ्यावर सेनोवाराचा मुलगा होता. आपला नायकच दार उघडतोय म्हणून तो बाजूला झाला, आणि तिथेच कापला गेला. ब्रिगोमारला बक्षीस काय, तर रोमन मानाचा, जांभळ्या काठाचा एक झगा. तोही लांब होता, चालताना पायात यायचा, असे सांगतात.

मग मेजवानी झाली. जमात याला मानते का, हे रोमन सरदाराला पाहायचं होतं. मानत असेल तर तिचे भाले रोमच्या कामी येणार होते. ब्रिगोमारने थाळी पुढे केली.

"आत्या, वाढ. मान माझा आहे."

सेनोवाराने मांडी कापली, त्याच्या थाळीवरून पलीकडे नेली आणि आपल्या मेलेल्या मुलाच्या कुत्र्यापुढे टाकली.

"त्या पहाटे शत्रूवर भुंकला तो हा एकटा. तू तर शेपूट हलवत होतास."

दुभाष्याने अर्थ सांगताच सरदार पोट धरून हसला. तो हसला म्हणून ब्रिगोमारही हसला, म्हणे! इथे गेरेक आजोबा दर वेळी थुंकतात.

नायकाचं ते हसू पाहून जमात न जेवता उठली. रोमन दारूत दंग होते, तोवर माणसं मुलाबाळांसकट, भाल्यांसकट मागच्या उताराने रानात उतरली. शेवटी सेनोवारा गेली, कुत्र्याला घेऊन. त्या रानातून त्यांनी रोमनांना पिढ्यान्पिढ्या सुखाने झोपू दिलं नाही. ओसाड तटात एकटाच उरलेला नायक रोमला काय कामाचा? सरदाराने झगा काढून घेतला आणि घोडे पुसायला दिला.

आजही मांडी आधी कुत्र्यालाच मिळते. एखादा मंत्री भुकेने चुळबुळ करू लागला की गेरेक आजोबा त्याला विचारतात, "साहेब, तुम्ही कधी कुणावर भुंकलात का?"