म्हशीच्या पाठीवरची शाळा

माणसांनी म्हशींना दावं बांधलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठी एका तरुण सुगरणीने पिल्लांना घरटं विणायला शिकवण्यासाठी फुकट शाळा काढली. शिकवायला ती होती, शिकायला पिल्लं होती, पण विणायला लांब गवत नव्हतं. ते मिळालं नाही तर शाळा बंद पडणार होती.

काठावरच्या गवतावर म्हशीचा ताबा होता. सुगरणीने तिला शिक्षणाचं महत्त्व समजावलं, पुढच्या पिढीचं भवितव्य सांगितलं. म्हैस रवंथ करत म्हणाली, "छान बोलतेस गं. उद्या ये."

रोजचं 'उद्या' ऐकून सुगरण वैतागली. "मावशी, आजपासून वर्ग इथेच!" म्हणत तिने पिल्लांना म्हशीच्या पाठीवर बसवलं आणि तिच्याच शेपटीच्या केसांवर गाठी शिकवायला घेतल्या.

"उतरा खाली, गुदगुल्या होतात!" म्हैस ओरडली. मान वळवून पाहते, तर एका पिल्लाची गाठ सारखी सुटत होती. म्हैस रवंथ करायची थांबली. "अरे, खालून घे... खालून! हां, आता ओढ!"

गाठ बसली. अंगावर माशा घोंगावत होत्या, तरी म्हशीने शेपटी हलवली नाही.

"केस तोकडे पडतात गं पोरांना," ती म्हणाली. "गवत घ्या हवं तेवढं. पण विणायला इथेच बसा. मला पुढचं बघायचंय."